गिरणीकडची खिडकी

“गिरणीकडची खिडकी बंद ठेवत जा बाई. कोंडा उडून राहिला. हिच्या पोटात गेला का हे मुकी होईन, मंग मले बोलावू नका.”

मनिराम मिस्त्री माझं झाकण लावता लावता हे बोलला. शामकलानं मान डोलावली, त्याच्या हातात चहाची कपबशी दिली आणि तो फाटकाबाहेर पडताच खिडकी पुन्हा सताड उघडली. खरं सांगायचं तर मीही त्याचं बोलणं हसण्यावारी नेलं. बर्मा सागवानाचं अंग माझं, कलकत्त्याच्या कारागिरांनी घासूनपुसून घडवलेलं. धानाच्या कोंड्यानं माझं काय वाकडं होणार, असं मला वाटलं.

मित्रांनो, त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून जी चूक केली, तिचीच ही हकिगत. गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरात राहणारी मी एक म्हातारी पायपेटी. तुम्ही भजनात पाहता ती हातपेटी माझी धाकटी बहीण. तिचा भाता हातानं हलवतात, माझा खालचे पायटे दोन्ही पायांनी दाबून. ती हवा बाहेर फेकून गाते, मी आत ओढून गाते. पट्टी दाबली की हवा आतल्या पितळी जिभेजवळून जाते, जीभ थरथरते आणि सूर निघतो. म्हणजे खोलीत जे काही उडत असेल, ते माझ्या पोटात यायलाच बघतं. एवढी साधी गोष्ट, पण गाणाऱ्याला आपल्या घशाची काळजी आवाज बसल्यावरच सुचते.

कलकत्त्याहून मी गवत भरलेल्या खोक्यात बसून रेल्वेनं गोंदियाला आले, ती मेल ड्रायव्हर रोझारियोसाहेबांच्या बंगल्यात. त्यांच्या बायकोला सगळी कॉलनी ‘मॅडम’ म्हणायची. दर रविवारी संध्याकाळी मॅडम मला वाजवायच्या, साहेब बूट न काढताच नाचायचे आणि दोन्ही मुलगे माझ्या पायट्यांपाशी लपायचे. ते माझे कौतुकाचे दिवस. माझ्या अंगाला आठवड्यातून दोनदा तेलाचा बोळा फिरायचा.

मग सत्तेचाळीस साल आलं. बाहेर झेंडे लागले, मिठाई वाटली गेली, स्टेशनावर बँड वाजला. आमच्या कॉलनीत मात्र खोकी भरली जाऊ लागली. एकेक बंगला रिकामा होत गेला. कुणी विलायतेला गेलं, कुणी आणखी दूर. मॅडमचे मुलगेही गेले. दोन वर्षांनी साहेब वारले. मुलांची पत्रं यायची, आई तू ये. मॅडम पत्र घडी घालून माझ्यावरच्या फुलदाणीखाली ठेवायच्या आणि विचारायला आलेल्यांना सांगायच्या, “मेरा आदमी यहाँ सोया है. मैं किधर जाऊँ?”

बंगला सोडावा लागला तेव्हा बाजारामागे त्यांनी एक खोली घेतली. त्या खोलीच्या दारातून मी आत जाईना. आडवी करून पाहिलं, तिरपी करून पाहिलं. शेवटी मालधक्क्यावरचे बाबू उदाराम म्हणाले, “आमच्या क्वार्टरात ठेवा मॅडम. तुमचीच राहीन. जवा वाटलं तवा येऊन वाजवा.” चार हमालांनी मला उचललं आणि उदारामच्या बाहेरच्या खोलीत, गिरणीकडच्या खिडकीखाली आणून ठेवलं. दुसरीकडे जागाच नव्हती.

मनिराम तिथंच मला पहिल्यांदा भेटला. दिवसा तो रेल्वेचे डबे दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या दंडारींच्या, म्हणजे नाचगाण्याच्या खेळांच्या, पेट्या. उचलताना माझा एक पट्टा तुटला होता, तो जोडायला आला आणि जाताना ते वर सांगितलेलं बोलून गेला.

आता शामकलानं खिडकी का उघडी ठेवली, ते ऐका. ती उदारामची बायको. नागपूरच्या कॉलेजातून बी. ए. झालेली. या कॉलनीत तिच्याएवढं शिकलेली दुसरी सून नव्हती आणि तिच्याएवढी भित्रीही नव्हती. तिची मुलगी दुर्पता तेव्हा दीड वर्षाची, नुकतीच चालायला लागलेली. खिडकीतून समोरचं आंगण दिसायचं. पोर आंगणात खेळायची आणि शामकला घरात कुठंही असली तरी एक डोळा खिडकीतून बाहेर असायचा. मुंगी चढली, ती बघायची. शिंक आली, ती मोजायची. शेजारच्या गीताबाई म्हणायच्या, “अवो बाई, पोरगी आहे का लोणच्याची बरणी? घडीघडी झाकण उघडून पाहून राहिल्या.” शामकला हसायची, पण नजर काढायची नाही.

पुढं साडेचार वर्षं मी एक टेबल होऊन राहिले. मॅडमचे सांधे धरले होते, त्यांना एवढं लांब चालवायचं नाही. माझ्यावर पापडांची ताटं वाळली, धुतलेल्या कपड्यांची गाठोडी बसली. दिवाळीनंतर समोरची राईस मिल सुरू झाली की होळीपर्यंत तिची घरघर थांबायची नाही आणि तिचा पिवळसर कोंडा माझ्या पाठीवर बसायचा. दुर्पता त्यात बोटानं रेघा मारायची. मला राग यायचा नाही. वापरात नसलेल्या वस्तूला कुणाचंही बोट लागलं तरी बरंच वाटतं.

पोर साडेतीन वर्षांची असताना तिला गोवर निघाला. गोवर गेला आणि डावा कान वाहू लागला. शामकलानं काय केलं नसेल. शेक दिला, कापूस घातला, रोज सकाळी उशी उजेडात धरून डाग पाहिला. शेवटी नवराबायको पोरीला नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आल्यावर शामकला माझ्या शेजारी बसून गीताबाईंना सांगत होती, म्हणून मला कळलं. डावा कान गेला होता. उजवा शाबूत होता, पण तोही नाजूक. डॉक्टर म्हणाले होते, “याला जपा. आणि ऐकण्यात फरक वाटला तर ताबडतोब या.”

बस, तेवढं एक वाक्य त्या घरात राहायला आलं. फरक वाटला तर.

शामकला दिवसातून दहादा फरक शोधू लागली. पोरीच्या मागे जाऊन टाळी वाजवायची. चमचा पाडायची. कुजबुजत “दुर्पे” म्हणायची. पोर वळली की हिचा जीव भांड्यात पडायचा आणि घटकाभरात पुन्हा बाहेर यायचा. पोरगीही काही कमी नव्हती. तिला महिन्याभरात सगळं कळलं. ती जमिनीवर आईची सावली बघायची, सावलीचे हात जवळ आले की टाळी वाजायच्या आधीच वळायची. एकदा तर आईनं काहीच केलं नव्हतं, पदर सावरला होता, तरी ही वळून म्हणाली, “आलं ऐकू.”

म्हणजे इतके दिवस पोर ऐकत होती की बघत होती, हेच आता शामकलाला कळेना.

त्यात शाळेचं आलं. पोर सहा वर्षांची झाली. शाळेत नाव घालायला गेले तर बाईंनी डाव्या बाजूनं दोन प्रश्न विचारले. पोर खिडकीबाहेर बघत राहिली. बाई भल्या होत्या, पण म्हणाल्या, “वर्गात साठ पोरं आहेत हो. पुढल्या जूनमध्ये आणा, तेव्हा बघू. नाहीतर नागपूरला अशा मुलांची शाळा आहे, राहायची सोय असते.” राहायची सोय. घरी आल्यावर शामकलानं पोरीला माझ्या बाकावर बसवलं आणि तिच्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या, सोडून पुन्हा घातल्या. जूनपर्यंत उजवा कान टिकला आणि तो टिकलाय हे दाखवता आलं, तर पोर घरी राहणार. नाहीतर सहा वर्षांची मुलगी पेटीबिछाना घेऊन नागपूरला जाणार.

त्याच दिवसांत मॅडम आल्या, काठी टेकत. माझी आठवण झाली म्हणून. शामकलानं गाठोडी उचलली, मला पुसलं. मॅडमनी सगळी कथा ऐकून घेतली, मग पोरीला बोलावलं. “इधर आ. मेरे को पीठ दिखा. ऐसे. अब मैं पेटी में घूमने जाती हूँ. जब मैं जगह बदलूँ तब हाथ ऊपर.”

मित्रांनो, इथं तुम्हाला माझी एक खुबी सांगायला हवी. आपल्या गाण्यात सा एकदा लागला की गाणं संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. गाणं त्याच्याभोवती फिरतं. मॅडमच्या गाण्यात खालची जमीनच सरकते. तीन पट्ट्या एकदम दाबायच्या, तीन सुरांचा एक घोळका होतो. सा, ग, प हा एक घोळका. म, ध आणि वरचा सा हा दुसरा. प, नी, रे हा तिसरा. गाणं एका घोळक्यावरून दुसऱ्यावर जातं, तिसऱ्यावर जातं आणि फिरून पहिल्यावर येतं. ही ये-जा नुसत्या कानानं ओळखायची. इथं सावली कामाची नाही. मॅडमचे हात पोरीच्या पाठीमागे आणि मी तर भिंतीला टेकलेली.

पहिले काही दिवस दुर्पताचा हात भलत्याच वेळी वर जायचा. ती वरचा नाचरा सूर ऐकायची. तो हलला की हिला वाटायचं सगळं बदललं. मॅडम म्हणायच्या, “ऊपरवाला तो नाचता है. नीचे सुन. पाँव सुन.” मग त्यांनी पोरीची पाठ माझ्या लाकडाला टेकवली. खालचा सूर लाकडातून तिच्या पाठीत गेला आणि तिथून तिला वाट सापडली. आठवड्याभरानं पाठ न टेकताही हात बरोबर वर जाऊ लागला.

नावं मात्र पोरीनंच दिली. मॅडम त्यांना एक, चार, पाच असे आकडे सांगायच्या, ते हिच्या डोक्यात बसेनात. संक्रांतीला ती आजोळी, केशोरीला जाऊन आली आणि पुन्हा पाठ करून बसली. मॅडमनी सा-ग-प दाबलं. ती म्हणाली, “हे घर.” म-ध-सा दाबलं. “हे ओसरी. घरच आहे, पण बाहेर दिसते.” प-नी-रे दाबलं. “हे आखर. आजोबाची गुरं जमतात ते. इथं कोणी राहत नाही, घरी यावंच लागते.”

मॅडमनी माझ्या पट्ट्यांवरून हात उचलले आणि शामकलाकडे बघितलं. “चालीस साल से बजाती हूँ. मेरे को किसी ने ऐसा नहीं बोला.”

मग चौथा आला, ध, सा आणि ग, जरासा उदास. त्याला ती ‘बोडी’ म्हणाली. आमच्या भागात गावाजवळच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. “इथं पाय ओले होतात,” एवढंच तिचं कारण.

त्यानंतरचे दिवस माझ्या सगळ्या आयुष्यात सुखाचे. घर, ओसरी, आखर, घर. घर, बोडी, ओसरी, आखर, घर. मॅडम वाजवायच्या आणि पोर पाठमोरी बसून गुराख्यासारखी मागं मागं जायची, कोण कुठं गेलं ते सांगत. जूनमध्ये मात्र नाव घालायच्या दिवसांत पोरीला ताप आला, शाळा हुकली आणि बाईंनी पुढल्या वर्षीचा वायदा दिला. शामकलानं ते मनाला लावून घेतलं नाही, कारण आता तिच्याजवळ रोजची खात्री होती. पोरीनं चारही जागा ओळखल्या की ती स्वयंपाकाला लागायची. चमचे पडायचे थांबले. गीताबाई म्हणाल्या, “बरणीचं झाकण ढिलं झालं वाटते.”

डिसेंबरात मॅडम महिन्याभरासाठी खडगपूरला बहिणीकडे गेल्या. जाताना शामकलाला म्हणाल्या, “चार जगह तो तुमको भी आती है. तुम बजाओ, वो बोलेगी.” शामकलाला पट्ट्या पाठ होत्या. ती बाकावर बसली, पाय चालवू लागली.

गिरणी तेव्हा भर जोरात होती. नवं धान आलं होतं, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागलेली. खिडकी उघडीच. आणि एका दुपारी, कोणत्या ते मलाही कळलं नाही, एक तूस उडत आलं, माझ्या श्वासाबरोबर आत ओढलं गेलं आणि गंधाराच्या, म्हणजे ग सुराच्या, पितळी जिभेखाली जाऊन रुतलं. माझा गंधार मुका झाला.

दुसऱ्या दिवशी शामकलानं सा-ग-प दाबलं. माझ्यातून सा निघाला, प निघाला. मधला निघालाच नाही.

“सांग.”

दुर्पतानं मान तिरपी केली.

“सांग ना, कोणतं?”

“माहीत नाही.”

“अगं, रोजचं तर आहे. नीट ऐक.” तिनं पुन्हा दाबलं.

“हे घर नाही,” पोर म्हणाली. “घरासारखं आहे. पण आत कोणी नाही.”

शामकलानं घाईनं ओसरी वाजवली. पोर म्हणाली, ओसरी. आखर वाजवलं. आखर. बोडी वाजवली. पोर म्हणाली, “बोडीतलं पाणी आटलं.”

आता तुम्ही विचाराल, शामकलाला स्वतःला ऐकू आलं नाही का. मित्रांनो, तिची बोटं तिला सांगत होती की तीन पट्ट्या दाबल्या, मग कानांनी तीन सूर धरून चालले. आणि तिची नजर त्या पाठमोऱ्या मानेवर होती. ती लहानपणापासून हुशार, बी. ए. झालेली, पण त्या पोरीच्या बाबतीत ती सगळं डोळ्यांनीच ऐकायची. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला जेवढा आवाज आहे तेवढा दुसऱ्याच्या बोटातून येतो. खोटं मी बोलत होते आणि खोटी ती सात वर्षांची पोर ठरत होती.

चार दिवस तसंच चाललं. पोर रडकुंडीला आली, तरी एकदाही भीतीपोटी “घर” म्हणाली नाही. तिला कळत होतं की तेवढा एक शब्द म्हटला तर आईचं तोंड फुलेल. पूर्वी सावली बघून फसवणारी हीच पोर. पण मॅडमनी तिला ऐकायला शिकवलं होतं आणि जे ऐकू आलं नाही ते आलं म्हणायचं तिला आता जमेना.

पाचव्या दिवशी शामकलानं वाजवणं बंद केलं. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली आणि पोरीचे फ्रॉक घडी करून भरू लागली. उदाराम धक्क्यावरून जेवायला घरी आला तर ही रडते आहे आणि पोर माझ्या बाकाखाली बसून आहे.

“काऊन वो, काऊन रडून राहिली?”

“उजवा कानही गेला. निम्मं ऐकू येतं, निम्मं येत नाही. उद्याच्या गाडीनं नागपूरला जायचं. डॉक्टरांना दाखवू. आणि ते काय म्हणतील ते मला माहीत आहे. तिला तिथंच ठेवावं लागेल.”

उदाराम जेवला नाही. पेटीची कडी मोडलेली होती, ती बसवायला तो मनिरामला घेऊन आला. मनिराम उंबऱ्यात उकिडवा बसला आणि कडी ठोकू लागला. उदाराम म्हणाला, “एक डाव माह्या समोर वाजव. मले पाहू दे.”

“काय बघायचं आहे त्यात?” पण ती उठली, बाकावर बसली. पोरीला ओढून पाठमोरी उभी केली. “हे बघा. हे घर.” तिनं दाबलं.

“घर नाही,” पोर भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

“ओसरी.”

“ओसरी.”

“आखर.”

“आखर.”

“आणि ही बोडी.”

“आटली.”

“बघितलंत?” शामकला उदारामकडे वळली.

उंबऱ्यातली हातोडी थांबली होती. मनिराम म्हणाला, “पुन्हा एक डाव दाबा बाई. ते घर का काय ते.” त्यानं डोळे मिटले. “आता बोडी.” मग तो हसला. “पोरगी बराबर बोलून राहिली. तुमचा गंधार मुका आहे.”

मनिरामनं दोन बोटं वर केली.

“दोघीत गंधार आहे, ओसरीत नाही, आखरात नाही. जिथं गंधार तिथंच पोरगी नाही म्हणून राहिली. बहिरा कान असा निवडून निवडून बहिरा होते काय, बाई? तुम्ही तं बी. ए. पास आहा ना.”

त्यानं माझं झाकण काढलं, तारेच्या आकड्यानं गंधाराची पितळी जीभ बाहेर ओढली आणि उजेडात धरली. जिभेखाली धानाचं एक तूस होतं. नखाएवढंसुद्धा नाही. त्यानं फुंकर मारली. तूस शामकलाच्या पदरावर पडलं. जीभ जागेवर बसवून तो म्हणाला, “दाबा.”

तिनं दाबलं. तीनही सूर निघाले.

दुर्पता वळली. सावली बघून नाही, कुणी सांगून नाही. “आले घरी,” ती म्हणाली. जणू इतके दिवस घरातले सगळे कुठं गावाला गेले होते.

मनिराम कडीकडे परत गेला. “म्या सांगतलो होतो, खिडकी बंद ठेवा. आता हे कडी ठोकू का राहू देऊ?”

“राहू द्या,” उदाराम म्हणाला आणि हात धुवायला गेला. त्याला आता भूक लागली होती.

शामकलानं फ्रॉक पुन्हा बाहेर काढले. मग ती खिडकीपाशी आली, बाहेरचं आंगण बराच वेळ बघत राहिली आणि तिनं खिडकी लावून घेतली. पोर आंगणात खेळायला पळाली होती. खिडकी बंद झाल्यावर ती दिसेना, पण तिच्या पायांचा आवाज येत होता. शामकला माझ्या बाकावर बसून तो ऐकत राहिली. मला वाटतं, त्या दिवशी ती पहिल्यांदा ऐकत होती.

मॅडम जानेवारीत परतल्या. सगळं कळल्यावर त्यांनी काठी जमिनीवर आपटली. “बच्ची पास हो गयी. अब माँ को बिठाओ.” आणि खरंच, त्यांनी शामकलाला पाठमोरी बसवलं. मी सांगते, बी. ए. झालेली बाई पहिल्याच दिवशी ओसरी आणि आखर यांत घोटाळली. दुर्पता मॅडमच्या मांडीला टेकून उभी होती. ती मोठ्या माणसासारखी म्हणाली, “आई, वरचं नको ऐकू. पाय ऐक.” गीताबाई दारातून बघत होत्या. त्यांना म्हणे आठ दिवस हसू आवरत नव्हतं.

जूनमध्ये शामकला शाळेत गेली तेव्हा तिनं बाईंना एकच विनंती केली. पोरीच्या उजवीकडून विचारा आणि वर्गात तिला डावीकडच्या भिंतीला बसवा, म्हणजे तिचा चांगला कान वर्गाकडे राहील. बाईंनी उजवीकडून विचारलं. पोरीनं आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि न विचारता हेही सांगितलं की गिरणीचा भोंगा घर धरला तर तुमच्या शाळेची घंटा आखरावर लागते. बाईंना त्यातलं काही समजलं नाही. नाव मात्र त्यांनी घातलं.

आता साठ साल चालू आहे. दुर्पता नऊ वर्षांची. डावा कान गेला तो गेलाच, उजवा टिकून आहे. सुट्टीच्या दिवशी ती मला वाजवते. नव्या नव्या जागा सापडल्या की त्यांना नावं देते. परवा एका घोळक्याला तिनं ‘सिग्नल’ म्हटलं. मॅडम खुर्चीत बसून ऐकतात आणि एखादी जागा चुकली की त्यांची काठी हलते. माझा डावा पायटा आता सैल झाला आहे, दोन पट्ट्यांचं हस्तिदंत निघालं आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. कोंडा आजही उडतो, पण माझ्या डोक्यावर शामकलाच्या जुन्या लुगड्याचं पांघरूण असतं आणि ते तूस तिनं फेकून दिलेलं नाही. काड्यापेटीच्या खोक्यात घालून माझ्याच फळीवर ठेवलं आहे. कधी पोरीवर उगाच चिडली, की ती ते खोकं उघडून बघते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूनं शेवटी मला पुसत जा, मला उन्हात ठेवू नका, असं सांगायचं असतं. माझं तेवढं मनिराम बघतो. मला तुमच्याजवळ दुसरंच काही मागायचं आहे.

तुमच्या वर्गात एखादं पोर असेल, हाक मारली तर न वळणारं, विचारलं तर भलतंच सांगणारं. सगळे त्याला ‘लक्ष नाही’ म्हणत असतील. उद्या मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जा. आधी डावीकडून हळूच नाव घ्या, मग उजवीकडून. आणि ते “असं नाही” म्हणालं, तर त्याला दुरुस्त करण्याआधी एकदा झाकण उघडून बघा, आत कुठं तूस तर अडकलेलं नाही ना. मला सांगायला येऊ नका. पण जाऊन बघा.